भाईजानचे माप

मी विणलेला स्वेटर पाहिला की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. केवढ्याला पडला, आणि ऑर्डर घेता का? दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे, नाही. पहिल्याचे उत्तर मी एकदा कागद-पेन्सिल घेऊन काढले होते. ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचे बोलायला बरे पडेल.

समजा ४० इंच छातीच्या माणसाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर आहे. अंगाला चिकटू नये म्हणून दोन इंच ढिला धरायचा, म्हणजे घेर ४२ आणि नुसती पाठ २१ इंच. मध्यम जाडीची लोकर १० नंबरच्या सुईवर घेतली तर माझ्या हाताने इंचाला सात टाके बसतात. म्हणजे पाठीसाठी सुईवर १४७ टाके घालायचे. उंचीत इंचाला नऊ ओळी, उंची २५ इंच, म्हणजे सव्वादोनशे ओळी. गुणाकार ३३ हजारांवर जातो. पुढचा भाग जवळपास तेवढाच, गळ्याचे थोडे वजा. दोन बाह्या मिळून आणखी ३२ हजारांच्या आसपास. एकूण लाखाला थोडे कमी. माझा हात मिनिटाला २५ टाक्यांच्या पुढे जात नाही. तेव्हा हे झाले ६५ तास. शाळा, स्वयंपाक, नमाज, पाहुणे यांतून रोज दोन तास काढले तर महिनाभराचे काम, आणि त्यानंतर जोडणे, गळा उचलणे, बटणपट्टी ही कामे वेगळी. त्याला मजुरी लावली तर तेवढ्या पैशांत बाजारातून चार-पाच स्वेटर येतील, आणि ते दिसायलाही चांगले असतील.

हा हिशेब ऐकून लोक गप्प होतात किंवा ‘तुम्हाला आवड आहे हो’ म्हणतात. आवड आहेच. पण नुसत्या आवडीसाठी माणूस रुमाल विणून पेटीत ठेवतो. दुसऱ्याच्या दंडाचा घेर महिनाभर डोक्यात ठेवून बसत नाही.

आमच्याकडे देण्याघेण्याची रीत काही कमी नाही. शादीचा आहेर, अकीक्याचे कपडे, सुन्नतीला काही, ईदला ईदी. वाईच्या आमच्या घरात अब्बांची एक लांबट वही होती. कोणत्या लग्नात कोणी किती घातले, ते त्यात लिहिलेले असे. २५१ आले असतील तर परत करताना ५०१ घालायचे. साडी आली तर साडी, आणि ती हलकी आली असेल तर तेही लक्षात ठेवलेले. मी त्या वहीला नावे ठेवत नाही. गरिबीत तीच आमची बँक होती, एकाच्या अडचणीला दहा घरांचे पैसे गोळा करणारी. पण स्वेटर त्या वहीत लिहिता येत नाही. लाखभर टाक्यांची परतफेड समोरच्याने कशाने करायची? म्हणून सुरुवातीला घरातले लोक माझा स्वेटर घेताना थोडे अवघडत. फुफू तर म्हणाल्या होत्या, ‘अगं, याच्या बदल्यात तुला काय द्यायचं ते आधी सांग, मग घालते.’

सुया मी शाळेत शिकले. साताऱ्याला सातवी-आठवीत कार्यानुभवाचा तास असे, त्यात बाईंनी एक सुलट एक उलट शिकवले. मुलींनी त्या तासाला मफलर नावाची एक तिरकी वस्तू तयार केली आणि बहुतेकींचे विणकाम तिथेच संपले. माझे पुढे चालू राहिले, कारण घरात अम्मीच्या हातात कायम काहीतरी असे. अम्मीला सुया येत नाहीत, तिचा हात क्रोशाचा. नमाजाच्या जाळीच्या टोप्या ती करते. पांढऱ्या सुती दोऱ्याची पाच-सहा साखळ्यांची कडी, तिच्यात खांब भरायचे, मग फेरीफेरीला वाढवत तळहाताएवढी चकती करायची. तिथून वाढवणे थांबवायचे, म्हणजे काठ आपोआप खाली वळतो आणि टोपी होते. वाढवणे कुठे थांबवायचे, हीच सगळी खुबी. एक फेरी उशिरा थांबले तर टोपी सजद्यात घरंगळते, आधी थांबले तर कपाळावर वळ उमटतात. अम्मी कधी टेप लावत नाही. लहानपणी ती आमच्या डोक्यावरून हात फिरवायची तेव्हा मला ती माया वाटे. नंतर कळले, ते मापही होते. रमजानमध्ये असर ते मगरिब ती टोप्याच करी आणि ईदच्या सकाळी घरातले सगळे पुरुष नव्या टोप्या घालून ईदगाहला जात. तिला कोणी थँक्यू वगैरे म्हटल्याचे मला आठवत नाही. डोक्यावर टोपी असणे हेच गृहीत होते.

आमच्या मराठीत विणणे हा एकच शब्द सगळ्याला पुरतो. मागावर कापड विणतात, बाज विणतात, स्वेटर विणतात. तंत्र मात्र एकदम वेगळे. मागावर उभे दोरे ताणून बसवलेले असतात आणि आडवा दोरा त्यांच्या वरखाली जातो. सुयांवर ताणलेले काही नसते. एकच दोरा, तो स्वतःच्याच फासातून पुढचा फास काढत जातो. म्हणून मागाचे कापड फाटते आणि आपले विणकाम उसवते. उसवले की दोरा सगळा परत मिळतो, फक्त वेटोळ्या-वेटोळ्यांचा. त्याची लड करून पाण्यात बुडवून वाळत टाकली की तो सरळ होतो. भाईजानच्या लहानपणीच्या निळ्या स्वेटरची लोकर अशी दोनदा उसवून माझ्या मुलाच्या कानटोपीपर्यंत आली होती.

हे सुयांचे काम इंग्रजी बायकांनी आणि मिशनऱ्यांनी आपल्याकडे आणले, हे खरे आहे. पण जुन्यातले जुने नमुने पाहायला गेले तर ते इजिप्तमध्ये निघतात, तेही इस्लामी काळातले. निळ्या-पांढऱ्या सुताचे पायमोजे, त्यांवर कूफी अक्षरांच्या वळणाची नक्षी. वॉशिंग्टनच्या टेक्स्टाइल म्युझियममध्ये असे तुकडे आहेत. स्पेनमध्ये बुर्गोसच्या लास उएल्गास मठात फर्नांदो दे ला सेर्दा या राजपुत्राची कबर आहे. तो १२७५ मध्ये वारला. त्याच्या कबरीत रेशमाची विणलेली उशी सापडली. इंचाला वीसच्या आसपास टाके, आणि काठावर अरबीत ‘बरकत’ असा शब्द पुन्हा पुन्हा विणलेला. ख्रिस्ती राजपुत्राच्या डोक्याखाली. हे विणणारे हात मुसलमान कारागिरांचे असावेत असे मानतात. मला मात्र त्या वीस टाक्यांचेच जास्त नवल वाटते. माझे सात बसतात, तेही चष्मा लावून.

लोकरीबद्दल थोडे, कारण नव्याने शिकणाऱ्या मुली विचारतात. आपल्या दुकानांत लोकर म्हणून जे गुंडे मिळतात त्यांतले बहुतेक अॅक्रिलिक असते. खात्री करायची असेल तर एक टोक जाळून पाहावे. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख चिमटीत चुरते. अॅक्रिलिक वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. अॅक्रिलिकला नाके मुरडायचे कारण नाही, लहान मुलांचे कपडे रोज धुवावे लागतात तिथे तेच बरे. आमच्या माणदेशातल्या मेंढ्यांची लोकर राठ, तिची घोंगडी उत्तम होते, स्वेटर अंगाला टोचेल. दुसरे म्हणजे गुंड्यावरच्या कागदावर रंगाचा लॉट नंबर असतो. सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्यावेत, नाहीतर पाठ आणि बाही यांत उन्हात फरक दिसतो. आणि एक गुंडा जास्त घ्यावा. मोठ्या माणसाच्या स्वेटरला चारशे-साडेचारशे ग्रॅम लागते, मी पाचशे घेते. उरलेली लोकर त्या माणसाच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवते. पुढे कोपर विरले, बाही उसवली तर तोच रंग हाताशी असतो.

आणि माप. माप विचारून घेण्यात मजा नसते, शिवाय माणूस माप देताना पोट आत घेतो. मी दोरीवर वाळत घातलेला त्याचा नेहमीचा शर्ट काढून वर्तमानपत्रावर पसरते आणि टेप लावते. माझी एक वही आहे, अब्बांच्या वहीसारखीच लांबट, घरातल्या प्रत्येकाला एक पान. छाती, उंची, बाही, दंड, गळा आणि तारीख. भाच्याच्या पानावर २२, २४, २६, ३० असे आकडे चढत गेले आहेत, मधले दोन हिवाळे मी आजारी होते म्हणून २८ नाही. अब्बांच्या पानावर छातीचे आकडे शेवटची चार वर्षे उतरत आले आहेत. ४०, ३९, ३८, ३६. घरात कोणी बोलून दाखवत नव्हते ते तिथे पेनाने लिहिलेले होते.

अब्बा गेले २०१९ च्या पावसाळ्यात. चाळिसावा झाला, अम्मीची इद्दत संपली, आणि घराचा विषय निघाला. वाईचे घर अब्बांच्या एकट्याच्या नावावर. वारस चौघे, अम्मी, भाईजान, आपा आणि मी. भाईजाननी हक्कसोडपत्राचा कागद तयार करून आणला होता. आमच्या भागात हीच रीत, मुसलमानांत आणि इतरांतही. बहिणींनी सही करायची, भावाने साडी-चोळी करायची, आणि माहेर शाबूत ठेवायचे. आपाने सही केली. तिचे कारण तिच्याजवळ, मी तिला दोष देत नाही. मी केली नाही.

सूरह निसामध्ये हिस्से ठरवून दिलेले आहेत, त्यात कोणी कोणावर मेहेरबानी करायची सोयच ठेवलेली नाही. आमच्या घरापुरते मांडले तर ३२ भाग होतात. अम्मीचे चार, भाईजानचे चौदा, आम्हा बहिणींचे सात-सात. मुलीला मुलाच्या निम्मे, हे मला मान्य आहे, मी जास्त काही मागितले नाही. पण जमातीत उभे राहून आम्ही सांगतो की आमच्या दीनने चौदाशे वर्षांपूर्वी बाईला वारसा दिला, आणि घरी आल्यावर त्याच बाईपुढे स्टॅम्पपेपर ठेवतो. हे मला जमेना. मी भाईजानना म्हटले, माझे सात भाग कागदावर राहू द्या, मी घर विकायला लावणार नाही, अम्मी आहे तोवर तर नावही काढणार नाही. ते काही बोलले नाहीत. त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. त्यानंतर आमचे बोलणे बंद झाले. मी वाईला जाते, अम्मीजवळ बसते, भाभी चहा देतात. भाईजान त्या वेळी दुकानात असतात किंवा मशिदीत.

त्या वर्षी दिवाळी सरली, थंडी पडू लागली. मी लोकर आणायला गेले. दरवर्षी वहीतल्या पानांप्रमाणे कोणाचा जुना झाला, कोणाला लहान झाला ते पाहून यादी करते. भाईजानचा चार वर्षे जुना झाला होता. वाईला पहाटे कृष्णेवरून बोचरी हवा येते आणि ते फजरला पायी जातात. मी राखाडी रंगाचे गुंडे घेतले, सगळे एकाच लॉटचे.

यावर घरात जे बोलणे झाले ते सगळे लिहिण्यासारखे नाही. मिस्टर एवढेच म्हणाले, ‘चाळीसच आहे ना छाती, बघून घे.’ आपा म्हणाली, तू त्यांना ओशाळवाणे करायला विणतेस. फुफू म्हणाल्या, एका हाताने हिस्सा मागतेस आणि दुसऱ्या हाताने स्वेटर देतेस, हे कसले गणित? अम्मी फोनवर म्हणाली, ‘कायकू गे इत्ते आंखां फोडती? वो पेनता क्या, नै क्या.’

फुफूंच्या प्रश्नावर मी पाठीचा भाग विणताना बराच विचार केला. सरळ ओळींचे काम असले की विचाराला जागा राहते. हिस्सा हा मी मागितलेला नाही, तो माझा आहेच. तो सोडून दिला असता तर त्या सहीला घरात ‘बहिणीने भावाला भेट दिली’ असे म्हटले गेले असते. पण मागून, बसवून, साक्षीदारांसमोर घेतलेली गोष्ट भेट कशी? भेट द्यायची असेल तर मला जे द्यावेसे वाटते ते मी देईन, आणि ते मला स्वेटरच द्यावेसे वाटते. फुफूंना हे गणित पटले नाही. मला ३२ चे आणि १४७ चे, दोन्ही हिशेब एकाच वहीत ठेवायला अडचण वाटत नाही.

दिलेली वस्तू समोरच्याने वापरावीच, असा हट्टही धरता येत नाही. बुखारीत सहल इब्न साद यांची एक रिवायत आहे. एका बाईने आपल्या हाताने विणलेली काठाची चादर प्रेषितांना आणून दिली, तुम्ही नेसावी म्हणून मीच विणली असे सांगून. त्यांना गरज होती, त्यांनी ती घेतली आणि नेसून बाहेर आले. एकाने पाहिली, छान आहे म्हणाला, मला द्या म्हणाला. त्यांनी दिली. लोक त्या माणसाला बोलले, ते कोणाला नाही म्हणत नाहीत हे ठाऊक असून तू मागितलीस कशी? तो म्हणाला, मी नेसायला नाही, माझ्या कफनासाठी मागितली. आणि पुढे तीच त्याचे कफन झाली. या रिवायतीवर मी दानतीबद्दलचे बयान ऐकले आहे, ते बरोबरच आहे. पण माझ्यासारखीचे लक्ष त्या बाईकडे जाते. आपली चादर एका दिवसात दुसऱ्याकडे गेली हे तिला कळले असेल तेव्हा तिला काय वाटले, ते त्यात येत नाही. मला वाटते, एक क्षण वाईट वाटले असेल, आणि मग तिने पुढचे सूत घेतले असेल.

स्वेटर पूर्ण झाला जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. मी स्वतः नेला नाही. भाचा साताऱ्याला कॉलेजला येतो, त्याच्या सॅकमध्ये घालून दिला. चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही, नुसता वर्तमानपत्रात गुंडाळून. निरोप आला नाही, परतही आला नाही. पुढच्या वेळी वाईला गेले तेव्हा नजर नकळत दोरीकडे गेली. दोरीवर नव्हता. खुंटीवर जुनाच होता.

नंतरच्या वर्षी लॉकडाऊन, त्यानंतर अम्मीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन. घराचा कागद आहे तिथेच आहे. जमातीतल्या एका बुजुर्गांनी मध्यस्थीचे दोनदा पाहिले, एकदा भाईजान बसले, एकदा उठून गेले. मी त्यांच्यासाठी दुसरा स्वेटर विणला नाही, कारण पानाप्रमाणे पाळी आली नव्हती. आपाच्या नातवाचे झबले-टोपडे विणले, फुफूंची बिनबाह्यांची बंडी विणली. बदल्यात काय हवे ते त्यांनी आता विचारणे सोडले आहे.

अम्मीच्या टोप्या चालू आहेत. तिला आता पांढऱ्या दोऱ्यावर पांढरा खांब दिसत नाही, ती बोटांनी मोजते. भाईजानच्या आणि माझ्या मुलाच्या डोक्याचे माप एकच आहे असे ती म्हणते, त्यामुळे टोप्या दोघांत कोणालाही जातात.

गेल्या महिन्यात भाचा जेवायला आला होता. आता मोठा झालाय, छाती ३८. वरण-भात कालवता कालवता मी सहज विचारावे तसे विचारले, त्या राखाडी स्वेटरचे काय झाले रे? तो हसला.

‘फुफू, पप्पा पेनते ना. रोज फजर कू पेनते. पर तुम आनेवाले रहे तो नै पेनते, भीतर रखते.’

मी त्याला आणखी भात वाढला.

‘फुफू, कोपर विरलेत दोन्ही,’ तो पुढे मराठीत म्हणाला. ‘अम्मी म्हणाली टाकून द्या, तर ओरडले तिला.’

त्या लॉटची लोकर माझ्याकडे पाऊण गुंडा आहे, चिठ्ठी लावलेली. दोन कोपरांना पुरून उरेल. भाच्याला सांगितले आहे की उन्हाळा लागला, आता काही स्वेटर लागत नाही, धुवायला टाकतो म्हणून सांग आणि सॅकमध्ये घालून आण.